द्वारके, तू भाव का केला नाहीस

द्वारके, काल तुझं तेरावं जेवून आले. वडे तुझ्या सुनेनं झकास केले होते. काळ्या वाटाण्याचं सांबारं जरा पातळ होतं, पण तिला काही बोलले नाही. तू असतीस तर पहिल्या घासालाच नाक मुरडलं असतंस, आणि वर वाढून घेतलं असतंस.

भिंतीवर तुझा फोटो लावलाय. हार घातलाय, उदबत्ती लावलीय. फोटो चांगलाच आहे, पण मला त्याच्याकडे बघवेना. त्यात तुझे ओठ मिटलेले आहेत. एवढ्या वर्षांत मी तुला मिटलेल्या ओठांनी कधी पाहिलीच नव्हती गो. झोपेतसुद्धा काहीतरी पुटपुटायचीस.

जेवणं झाली, पानं उचलली, आणि तुझ्या प्रकाशनं सायकलची गोष्ट काढली. दरवेळी काढतो तशीच. "आमची आई म्हणजे काय विचारता! बाबांसाठी सेकंडहँड सायकल बघायला गिरगावात गेली. समोरचा ऐंशी म्हणाला. आईनं अशी काही घासाघीस केली, की साठला देऊन वर पाया पडला बिचारा!" सगळे हसले. तेराव्याला हसावं की नाही म्हणून एकमेकांकडे बघितलं आणि मग पुन्हा हसले. मीही हसले.

खोटं हसले, द्वारके. त्या दिवशी तुझ्याशेजारी मी बसले होते. ऐंशी कुणी म्हणालंच नव्हतं. साठ सांगितले आणि तू साठ मोजून ठेवलेस, हूं की चूं न करता. लालबागच्या मासळीबाजारात चार बांगड्यांवर पाचवा फुकट घेतल्याशिवाय न उठणारी तू! आणि ती सायकल चाळीसला मिळत होती, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं. मला कळायला पन्नासावर वर्षं गेली.

म्हणून आज लिहायला बसलेय. तुला वाचता येत नाही ते ठाऊक आहे मला. तिथं कुणी वाचून दाखवणारी भेटली नसेल तर मी येईपर्यंत थांब. फार दिवस नाहीत आता.

मिलमधलं आपलं वाइंडिंग खातं, बाबिणींवर सूत गुंडाळायचं, आजच्या पोरींना कसं सांगायचं? त्या जागी काचेचा मॉल झालाय. माझी नात तिथं हिंडायला जाते आणि म्हणते, "आजी, किती शांत आणि थंड वाटतं गं तिथं!" शांत! एका बाजूला आपल्या बाबिणींची घरघर, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट, आणि मधे आपण बायका. कानात काही शिरायचंच नाही. मी नवीन लग्न होऊन देवगडाकडून आलेली, अठरा वर्षांची. पहिल्या दिवशी बघते तर ओळीच्या ओळी बायका तोंड हलवतायत आणि आवाज कुणाचाच नाही. मला वाटलं, ह्या सगळ्या जप करतायत की काय! तू समोरच्या मशीनवर होतीस. माझ्याकडे बघून तुझे ओठ हलले, आणि मी वेड्यासारखी मान हलवली. दुपारी डबा खाताना तू सांगितलंस, "तुका इचारला, जेवण आणलंस काय. तर मान हलवून नाय म्हणालंस. आता खा माझ्यातला."

महिन्याभरात मी शिकले ओठ वाचायला. तुझ्याइतकं ते कुणालाच जमायचं नाही. खात्याच्या ह्या टोकाला उभी राहून तू त्या टोकाची बाई सासूला काय शिव्या घालते ते वाचायचीस.

पण खात्याचा एक नियम होता. तो आपल्या नायकिणीनं, म्हणजे खात्यावरच्या मुकादम बाईनं घालून दिलेला. एकदा एका पोरीनं दुसरीच्या ओठांवरनं वाचलं की तिला दिवस गेलेत, आणि संध्याकाळी नळावर सांगून टाकलं. घरी सांगायच्या आधी चाळीला कळलं. मोठी रडारड झाली. दुसऱ्या दिवशी नायकिणीनं सगळ्यांना डब्याच्या वेळी उभं केलं आणि बजावलं, "जे आपल्याकडे बघून सांगितलेलं नाही ते वाचलं, तर ओठांवरचं ओठांवर ठेवायचं. नवऱ्यालासुद्धा नाही. ज्या बाईला हे जमणार नाही तिनं खाली मान घालून काम करावं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावल्या आणि विसरलो. तू विसरली नाहीस.

आता सायकल.

गणपतभावजी, तुझे मालक, आपल्याच मिलमध्ये होते. कापसाची गासडी पायावर आली आणि डाव्या पायाची बोटं गेली. मिलनं पुन्हा घेतलं नाही. मग रे रोडला लाकडाच्या वखारीत लागले, फळ्या मोजून खुणा करायच्या. धड पायाच्या माणसाला लालबागपासनं अर्ध्या तासाची वाट. त्यांना सव्वा तास लागायचा, आणि पोचेपर्यंत पाय सुजायचा. ट्रामनं गेलं तरी पुढं चालायचं होतंच. त्यात ते दिवस कसले! आज बंद, उद्या मोर्चा, परवा दगडफेक. सकाळी ट्राम निघेल की नाही ते कुणी सांगावं! भावजींना दोनदा उशीर झाला. वखारवाल्यानं सांगितलं, "तिसऱ्यांदा उशीर केलास तर येऊच नकोस."

आणि तुझ्या सासूबाईंचं गावाहून पत्र येऊन पडलेलं, की पाय अधू झालाय तर मुंबईत कशाला राहता, सगळं बिऱ्हाड घेऊन घरी या, भात लावा. भावजी आतून खचलेले. म्हणाले, "हे काम गेला तर आपण जावया." म्हणजे तुझी मिलची नोकरीपण गेली. नवरा गावाला गेल्यावर बाईनं मुंबईत एकटीनं राहायचं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात येणार नव्हतं. मला तर रडूच फुटलं. मला आई नव्हती. मुंबईत माझं म्हणावं असं तूच होतीस. तू गेलीस की मी त्या खडखडाटात कुणाच्या ओठांकडे बघायचं?

तू रडली नाहीस. एका रविवारी भावजींना कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्यानं सायकल काढून दिलीस आणि स्वतः रस्त्यात उभी राहिलीस. भावजी परतले ते हसतच. चालताना दुखणारा पाय पॅडलवर दुखत नव्हता. टाचेवर जोर द्यायचा, बोटं लागतातच कशाला? त्याच दिवशी तू कुळथाच्या पिठाचा डबा माझ्यासमोर पालथा केलास. पिठात पुरचुंडी होती. साठ रुपये. म्हणालीस, "ह्याच्यात सायकल इली पायजे, आणि कुलूपपण."

आपण दोघी सायकल घ्यायला निघालो. सायकलवर कधी बसलेलं नाही, हातात धरलेलीही नाही! भायखळ्याचं ते दुकान आठवतं? काळा कुळकुळीत नवा रंग दिलेली सायकल. मी तर भुलले. तू म्हणालीस, "उलटी कर." दुकानदार हसायला लागला. तू कमरेला खोचलेल्या सुताच्या गुंडीतून हातभर धागा काढलास, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना आडवा ताणून बांधलास, अगदी लोखंडी कडेला लागेल न लागेल असा, आणि चाक फिरवलंस. बाबीण डुगडुगते का ते बघायची आपली खात्यातली रीत. चाक एक फेरा घेई आणि एका जागी धागा टण्णकन वाजे. फेरा, टण्ण. फेरा, टण्ण.

"बाई, ही सायकल आहे. चरखा नाही," दुकानदार म्हणाला.

"चाकच ना तां? मगे सरळ फिराक होया."

तो चिडून आत गेला आणि आतल्या माणसाशी काहीतरी बोलला. हिंदीत, पाठमोरा नव्हता एवढंच त्याचं चुकलं. तू केसांतला आकडा काढलास आणि पुढच्या दांडीवर एका ठरावीक जागी खरवडलंस. रंग उडाला. खाली जोड. मोडलेली दांडी जोडून वर रंग फासलेला. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तो काय म्हणाला आत?" तर तू, "माका काय ठावक? माका जोड दिसलो." तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाचलेलं तू हातानं वापरायचीस, तोंडानं कधीच नाही.

मग नायकिणीनंच गिरगावातलं घर सांगितलं. तिची बहीण तिथं धुणीभांडी करायची. पुढच्या रविवारी दुपारी आपण ट्रामनं गेलो. पहिल्या मजल्यावरचं घर, दाराला पितळी कडी, आत पॉलिश केलेली खुर्ची. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेली माणसं. मालक कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. "बसा, उभ्या का?" म्हणाले. आपण खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसलो, तेव्हा तेही बिचारे अवघडून स्टुलावर बसले.

सायकल गॅलरीत होती. काय सायकल होती गो! तुझा धागा बांधलास, चाक फिरवलंस. फिरतंय, फिरतंय, धाग्याला शिवायचं नाव नाही. साखळीला तेल, सीटला अभ्रा. ही सायकल कुणीतरी लेकरासारखी सांभाळलेली होती. माझ्या मनात शंका आली. एवढी चांगली वस्तू माणूस का विकतो?

"मुलाची आहे," मालक म्हणाले. "आता त्याला नको आहे. साठ द्या."

मी तुला कोपरानं ढोसलं. आपलं ठरलेलं होतं, पहिला आकडा ऐकला की तू निम्म्यावर यायचं, मी "चल गो, दुसरी बघू" म्हणून उठायचं. मालक "विचारून सांगतो हं" म्हणत आत गेले. माझी आतल्या दाराकडे पाठ. तुझं तोंड दाराकडे. आत त्यांची बायको होती, मला नुसती बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. तुझे डोळे दारावर खिळले आणि तुझा चेहरा बदलला. खात्यात धागा तुटला की तुझा चेहरा व्हायचा, तसा. तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत आजूबाजूचं काही दिसायचं नाही तुला.

मालक बाहेर आले, खाकरले आणि म्हणाले, "बरं, तुम्ही काय द्याल ते सांगा."

माणूस स्वतः खाली यायला तयार होता! आणि तू म्हणालीस, "साठ बरोबर आहेत." पुरचुंडी सोडलीस आणि मोजून ठेवलेस. त्यांनासुद्धा क्षणभर कळेना. आतनं त्या बाई आल्या, पाणी दिलं. गोऱ्या, बारीक, कपाळावर घाम. तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजच नेताय ना?"

"आत्ताच न्हेतो," तू म्हणालीस.

मग काय, सायकल ट्राममध्ये चढेना आणि आपल्याला चालवता येईना. दोन बाया एक सायकल ढकलत गिरगावातून भायखळा, चिंचपोकळी करत लालबागला. लोक म्हणतायत, "बाई, बसा की वर!" आणि मी वाटभर भांडतेय. "अगो, तो खाली येत होता! कुलूप कशानं घेणार आता? डोकं फिरलंय तुझं?" तू हँडल धरून पुढं. एकदाच म्हणालीस, "सायकल बरी आसा." घरी आल्यावर कपड्यांच्या ट्रंकेचं कुलूप काढून सायकलला लावलंस. पुढं कित्येक वर्षं तुझी ट्रंक उघडीच होती.

आठवड्यानं वसंत आला. त्या घरातला मुलगा, कॉलेजातला, बोटांना खळ लागलेली. पोस्टरं चिकटवायचा, पत्रकं वाटायचा, गिरगावपासून शिवडीपर्यंत सायकलवरनं. आईवडिलांनी त्याला न विचारता सायकल विकून टाकली होती. चाळीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "बाई, मी पासष्ट आणलेत. पाच जास्त घ्या, पण सायकल द्या. संयुक्त महाराष्ट्राचं काम अडलंय."

झालं! अख्खी चाळ गॅलऱ्यांतून वाकली. तेव्हाचा लालबाग तू आणि मी पाहिलाय, घराघरातून कुणीतरी मोर्च्याला गेलेलं. "दे गो द्वारके! पोरगं मुंबईसाठी मागतंय!" "पाच जास्त देतोय, दुसरी घे!" आणि मीही म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले. "दे की. भावजींना दुसरी बघू."

तू दाराला पाठ लावून उभी. म्हणालीस, "माका हीच व्हयी."

"द्वारकाबाई, सायकल मोठी की महाराष्ट्र?" वरच्या मजल्यावरनं कुणीतरी टोमणा मारला.

"महाराष्ट्र मोठो," तू वर बघून म्हणालीस. "म्हणानच तो एका सायकलीवर अडून ऱ्हवाचो नाय."

कुणी हसलं नाही. वसंताचं तोंड उतरलं. तेव्हा तू पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेलीस आणि तुझ्या त्या शुद्ध बोलायच्या आवाजात म्हणालीस, "सायकलवाल्याला पोलीस लांबून बघतो, बाळा. पायी चालणारा गल्लीत शिरला की सापडत नाही. तू चाल. आणि लालबाग-परळची पत्रकं आमच्याकडे दे. आम्ही वाटतो."

"तुम्ही?"

"आमच्या खात्यात शेकड्यानी बायका आहेत. प्रत्येकीकडे डबा आहे. डबा कोण उघडून बघतो?"

तो गेला, पण चाळीचं समाधान झालं नाही. महाराष्ट्राची सायकल दाबून बसली, हे तुझ्या मागं लागलं. नळावर तुझी बादली मागं सारायचे. आणि मी? चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. आपल्या खात्यात न बोलणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. तोंड बंद ठेवून भागत नाही, तोंड फिरवावं लागतं. मी मशीनवर उलटी उभी राहून काम केलं, मान अवघडली तरी. तुझी नजर पाठीवर लागायची. चार दिवस तू कुणाशी बोललीस गो? आता हे विचारून काय उपयोग? पण ते चार दिवस मला तुझ्याकडे परत मागायचे होते, आणि मागायचे राहिले.

पाचव्या दिवशी तू डब्याच्या वेळी येऊन माझ्यासमोर बसलीस. डब्याच्या तळातून वसंताच्या पत्रकांचा गठ्ठा काढलास, एक माझ्या मांडीवर ठेवलंस. "वाच."

मला कुठं येत होतं? भिंतींवर रंगवलेली मोठाली अक्षरं बघून बघून चार ओळखायला लागले होते, तेवढंच. बोट ठेवून लावलं. मुं. ब. ई. "मुंबई!" मी ओरडले. आजूबाजूच्या बायका हसल्या, तू सगळ्यांत जास्त. त्या पत्रकांवरच मी शिकले वाचायला. तू दर आठवड्याला पत्रक आणायचीस, मी लावायची, मग डब्यातून वाटायला घ्यायचो. तुला म्हटलं, तूही शीक. तर म्हणायचीस, "एकीन वाचला तां पुरे. माका वाचून दाखव." ह्यावरही आपण जन्मभर भांडलो. ते भांडणही अर्धंच राहिलं.

आणि एक बंद असा आला, की ट्राम नाही, बस नाही, रस्त्यावर काचांचा खच. भावजींना उशीर होणार होता त्या दिवशी, तिसऱ्यांदा. ते पहाटे सायकल खांद्यावर घेऊन काचा ओलांडत नाक्यापर्यंत गेले, तिथनं बसले, आणि वखार उघडायच्या आधी दारात हजर. वखारवाला म्हणाला म्हणे, "तू कसा आलास?" त्या दिवसानंतर गावी जायचं नाव घरात निघालं नाही. पुढं ते तिथं मुकादम झाले. तू राहिलीस. मी राहिले. माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस. हे सगळं त्या सायकलीनं दिलं, ह्यात प्रकाशची गोष्ट खरी आहे.

महाराष्ट्र झाला तेव्हा वसंत आपल्या आईला घेऊन चाळीत आला, पेढे घेऊन. सगळं लालबाग दिव्यांनी भरलेलं. त्या बाईंनी नारळ आणला होता, तुझी ओटी भरली. गॅलरीत सायकल उभी होती, तिच्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी भाव केला नाहीत. मला नवल वाटलं होतं."

"सायकल चांगली होती," तू म्हणालीस.

बस. दोघी एकमेकींकडे बघत राहिलात. मला वाटलं, ह्या काहीतरी बोलतील. बोलला नाहीत. मी पेढा खात होते मूर्खासारखी.

त्यानंतर प्रत्येक बाजाराला मी तुला टोचायची. तू कोळणीशी बांगड्यावरून वाद घातलास की मी म्हणायची, "इथं चार आण्यांवर जीव टाकतेस, आणि गिरगावात?" तुझं उत्तर ठरलेलं, "बांगडो बोलत नाय." मी समजायची, टाळतेय. टाळत नव्हतीस. उत्तरच देत होतीस.

गेल्या वर्षी तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. डॉक्टरांनी हौसेनं पाटी आणून दिली, काय हवं ते लिहा म्हणून. पाटी! तुला! तू पाटी उलटी धरून माझ्याकडे बघितलंस आणि दोघी हसलो, तू आवाजाशिवाय. सून रडकुंडीला आलेली, आईंना काय हवंय ते कळत नाही म्हणून. मी म्हटलं, बाजूला हो. तुझे ओठ हलले. मी सांगितलं, "चहात साखर कमी आहे म्हणते." सुनेनं माझ्याकडे असं बघितलं, जशी मी देवऋषीच! मग रोज दुपारी मी यायला लागले. आपलं खातंच पुन्हा सुरू झालं, फक्त खडखडाट नव्हता.

आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, तू माझा हात धरून तोंडासमोर तोंड आणलंस आणि सांगितलंस. त्या घरात त्या बाई नवऱ्याला काय म्हणाल्या ते. "चाळीस म्हणाल्या तरी द्या. फुकट मागितली तरी द्या. पण वसंता यायच्या आत ती सायकल घराबाहेर जाऊ दे. परवा त्याच्याबरोबरचा मुलगा मोर्च्याला गेला तो घरी आला नाही. मला रोज जिन्यात सायकलचा आवाज होईपर्यंत बसवत नाही हो." शब्दन्‌शब्द. इतकी वर्षं तू तो तसाच धरून ठेवला होतास.

मी विचारलं, मग साठ का दिलेस?

"भियालेल्या आवशीवांगडा भाव करूचो नसता."

आणि त्या घाबरलेल्या आईचा पोरगा सायकल परत मागायला आला तेव्हा का नाही दिलीस?

"पैसे दिलंय तेव्हाच मनातल्या मनात तिका शबूद दिलंय."

मी म्हटलं, द्वारके, मला तरी सांगायचंस! चाळ तुला काय काय बोलली, मी पाठ फिरवली. तू ओठ हलवलेस, "माका सांगलेला नव्हता तां. वाचलेला." आणि मग डोळे मिचकावलेस, "आताय तोंडातून भायर खंय पडला? आवाजच नाय."

काय बाई होतीस तू! दोन इयत्ता शिकलेली नव्हतीस, आणि कुणाच्या भीतीचा फायदा घ्यायचा नाही, कुणाचं गुपित वाचलं तर ते स्वतःच्या अब्रूच्या बदल्यातसुद्धा फोडायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं? नायकिणीनं तर आम्हा सगळ्यांनाच सांगितलं होतं.

एकच राहिलं. तुझ्या शेवटच्या दिवशी, दुपारचे तीन वाजले असतील, प्रकाश, सून आणि मी खाटेजवळ होतो. तू डोळे उघडलेस. आमच्या कुणाकडे बघितलं नाहीस. खिडकीशी बघितलंस, जिथं कुणीच नव्हतं, आणि तुझे ओठ हलले. चार शब्द. सुनेनं विचारलं, "काकी, काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "पाणी." तिनं चमच्यानं पाणी घातलं. काल प्रकाशनं पुन्हा विचारलं, सगळ्यांसमोर, "काकी, आई शेवटचं पाणीच म्हणाली ना?" मी म्हटलं, हो रे बाबा, पाणीच.

पाणी नव्हतं ते. मी वाचलं. कुणाला म्हणालीस तेही कळलं. पण माझ्याकडे बघून म्हणाली नव्हतीस. गिरगावचं सगळं मी आज लिहिलं. ते तू माझा हात धरून, माझ्या तोंडासमोर सांगितलंस. ह्या चार शब्दांचं तसं नाही. ते इथं लिहायचे नाहीत, कुणी कितीही विचारलं तरी सांगायचे नाहीत.

तुला खात्याचा नियम पाळायला वरचे वीस रुपये आणि चाळभर बोलणी पडली, द्वारके. मला तर तो फुकटच पाळायचाय.